खात्यातले नेमके किती पैसे ‘कामकाजी’? एलसीआरसाठी ठेवींची वर्गवारी, पायरीपायरीने

‘कंपनी जुनी आहे, खातं कुठे जात नाही’ असं शाखा व्यवस्थापक सांगतात. ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण एलसीआर, म्हणजे तीस दिवसांच्या ताणात बँकेकडे पुरेशी रोखता आहे का हे दाखवणारं प्रमाण, काढणाऱ्याला पडलेला प्रश्न वेगळा असतो. खातं राहील, पण खात्यातली शिल्लक राहील का? बँकेवर वाईट दिवस आले, तर पुढच्या तीस दिवसांत त्या खात्यातून किती रक्कम निघेल आणि किती रक्कम काढताच येणार नाही, कारण ती काढली तर ग्राहकाचं स्वतःचंच काम बंद पडेल? ही दुसरी रक्कम म्हणजे कामकाजी ठेव, बँकेच्या भाषेत ऑपरेशनल डिपॉझिट. ‘कामकाजी’ हा शिक्का ग्राहकावर बसत नाही, खात्यावरही बसत नाही; तो शिलकीच्या एका भागावर बसतो. एएलएम (मालमत्ता-दायित्व व्यवस्थापन) किंवा रिस्क विभागात नव्याने आलेल्यांनी एवढं पक्कं धरलं तर पुढचं सगळं सुसूत्र लागतं, म्हणून हे आधी सांगतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. बासेल समितीने लिक्विडिटी कव्हरेज रेशोचा म्हणजे एलसीआरचा अंतिम मजकूर जानेवारी २०१३ मध्ये दिला. रिझर्व्ह बँकेने ९ जून २०१४ च्या परिपत्रकाने तो आपल्याकडे आणला. १ जानेवारी २०१५ पासून ६० टक्के आणि पुढे दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत १ जानेवारी २०१९ पासून १०० टक्के, असा तो लागू झाला. तीस दिवसांच्या ताणात जेवढी निव्वळ रक्कम बाहेर जाईल असं गृहीत धरलं आहे, निदान तेवढी उच्च दर्जाची रोखतायोग्य (चटकन रोख करता येणारी) मालमत्ता बँकेच्या हाताशी हवी, हे त्याचं सार. किती रक्कम बाहेर जाईल हे प्रत्येक प्रकारच्या ठेवीला लावलेल्या दरावरून ठरतं. त्या दराला रन-ऑफ म्हणतात.

घाऊक, म्हणजे व्यक्तींच्या नव्हे तर संस्थांच्या, ठेवींचे दर असे. क्लिअरिंग, कस्टडी आणि कॅश मॅनेजमेंट या सेवांमुळे राहिलेल्या कामकाजी ठेवींना २५ टक्के, आणि त्यातला जो भाग ठेव विम्यात बसतो त्याला ५ टक्के. कामकाजी नसलेल्या ठेवींमध्ये बिगर-वित्तीय कंपन्या, सरकार, सार्वजनिक उपक्रम यांना ४० टक्के. बँका, एनबीएफसी (बिगर-बँक वित्त कंपन्या), म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा वित्तीय ग्राहकांना १०० टक्के. आपल्याकडे विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवीदारामागे ५ लाख आहे आणि आंतरबँक ठेवींना विमा मुळातच नाही. त्यामुळे कंपन्या आणि बँकांच्या मोठ्या खात्यांपुरता तो ५ टक्क्यांचा दर हिशेबात नगण्य ठरतो. त्याच्यावर वेळ घालवू नका.

आता या दरांमधलं अंतर पाहा. कारखानदार कंपनीचा १ कोटी रुपयांचा भाग चुकून कामकाजी धरला, तर बाहेर जाणारी रक्कम १५ लाखांनी कमी दिसते. तीच चूक एखाद्या फंडाच्या किंवा बँकेच्या ठेवीत झाली, तर ७५ लाखांनी कमी दिसते. तपासाची मेहनत कुठे जास्त घ्यायची हे इथेच ठरतं. मी पाहिलेल्या बऱ्याच कामांत मात्र उलटं घडायचं: शेकडो छोट्या कंपन्यांच्या खात्यांवर महिनाभर खल आणि दहा-बारा वित्तीय ग्राहकांची खाती एका दुपारी उरकलेली.

पायरी १: यादी सेवेवरून करा

सीबीएसमधून (बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीतून) ‘चालू खाती, कॉर्पोरेट’ अशी यादी काढून सुरुवात करू नका. सेवेचे करार कोणाकोणाशी आहेत, तिथून निघा आणि मग त्या करारांना जोडलेली खाती शोधा. पात्र सेवा तीनच.

क्लिअरिंग म्हणजे देशांतर्गत सेटलमेंट व्यवस्थेचा थेट सदस्य नसलेल्याला थेट सदस्याने आपल्यामार्फत पैसे पाठवू देणं. आपल्या राज्याचं उदाहरण समोरच आहे. देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. त्यांतल्या अनेक छोट्या बँका एनईएफटी, एनएसीएच (हप्ते-पगारांसारखे सामूहिक व्यवहार) किंवा चेक क्लिअरिंगसाठी एखाद्या मोठ्या म्हणजे ‘स्पॉन्सर’ बँकेच्या उपसदस्य असतात. स्पॉन्सर बँकेत त्यांचं सेटलमेंट खातं असतं. त्या खात्यात पैसे नसतील, तर त्यांच्या ग्राहकाचा एनईएफटी अडकतो.

कस्टडी म्हणजे रोख्यांची राखण, सौद्यांची पूर्तता, लाभांश-व्याजाची वसुली, फंडातली आवक-जावक. परदेशी गुंतवणूकदार, म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्या इथे येतात आणि हे काम मुख्यतः मुंबईतच चालतं.

कॅश मॅनेजमेंट म्हणजे वितरकांकडून पैसे गोळा करून एकत्र आणणं, पगार वाटणं, पुरवठादारांची देणी देणं, देण्यांवर नियंत्रण ठेवणं. यादी एवढीच. कर्ज, लेटर ऑफ क्रेडिट, परकीय चलनाची खरेदी-विक्री यांपैकी काहीही यात बसत नाही. ‘ग्राहकाचे आमच्याशी सर्वांगीण संबंध आहेत’ हे वाक्य फाइलमध्ये दिसलं, तर तिथे पुरावा नाही असं समजून पुढे शोधा.

पायरी २: जे बसतच नाही ते आधी बाजूला काढा

करस्पॉन्डंट बँकिंग (दुसऱ्या बँकेचे तिच्यासाठी परक्या चलनातले व्यवहार पुरे करणं) आणि प्राइम ब्रोकरेज (मोठ्या गुंतवणूकदारांना दिलेल्या एकत्रित दलाली सेवा) यांतून आलेल्या ठेवी, सेवा कितीही नियमित असली तरी, कामकाजी धरता येत नाहीत. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. परदेशी बँकेचं आपल्याकडचं रुपयातलं व्होस्ट्रो खातं कामकाजीतून बाहेर जातं, कारण त्या बँकेसाठी रुपया हे परकं चलन आहे. पण एखाद्या जिल्ह्याच्या गावातल्या सहकारी बँकेचं स्पॉन्सर बँकेतलं सेटलमेंट खातं या बंदीत येत नाही. ते देशांतर्गत क्लिअरिंग आहे. दोन्ही ‘दुसऱ्या बँकेची खाती’ म्हणून एकाच ढिगात टाकलेली मी पाहिली आहेत. एकदा दोन्ही आत घेतलेली, एकदा दोन्ही बाहेर काढलेली. दोन्ही वेळा चूकच.

सीएमएस (कॅश मॅनेजमेंट सेवेच्या) खात्याला जोडलेल्या स्वीप एफडी, म्हणजे जादा रक्कम आपोआप जिथे वळते त्या मुदत ठेवी, याही बाहेर. ग्राहकाने ती रक्कम व्याजासाठी ठेवली आहे, याचा त्याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

लाभांश वाटपाच्या खात्यांवर मतभेद होतात. कंपनी कायद्यानुसार लाभांश जाहीर झाल्यावर पाच दिवसांत ती रक्कम स्वतंत्र खात्यात टाकावी लागते आणि तीस दिवसांत वाटावी लागते. काम खरंच देणी देण्याचं आहे, म्हणून कागदावर ते पात्र दिसतं. पण विचार करा, ती रक्कम तीस दिवसांत जवळपास सगळी निघून जाणार हे आजच ठाऊक आहे आणि तिच्या जागी नवी येणार नाही. तिला २५ टक्के लावणं म्हणजे डोळ्यांसमोरच्या गोष्टीकडे पाठ फिरवणं. माझ्या मते अशी एकवेळची, ठरलेल्या देण्यासाठी साठवलेली रक्कम बाहेरच ठेवावी.

पायरी ३: करार उघडा आणि समाप्तीचं कलम वाचा

सेवा कायदेशीर बंधनकारक कराराखाली हवी आणि तो करार संपवण्यासाठी निदान तीस दिवसांची पूर्वसूचना हवी. किंवा तीस दिवसांच्या आत सोडून गेल्यास ग्राहकाला भरीव खर्च सोसावा लागला पाहिजे. तो खर्च तांत्रिक बदलांचा, कायदेशीर किंवा मुदतीआधी करार मोडल्याचा असू शकतो.

व्यवहारात जुन्या करारांमध्ये पंधरा दिवसांची सूचना सापडते, नूतनीकरण न झालेले करार सापडतात आणि मूळ करारावर न चढवलेलं पुरवणी पत्र सापडतं. कायदा विभागाकडून ‘करार आहे’ एवढी खूण घेऊन भागत नाही. कलमाचा क्रमांक, सूचनेचे दिवस आणि कराराची मुदत या तीन गोष्टी नोंदवहीत आल्याच पाहिजेत.

दुसऱ्या बँकेत जाण्याचा खर्च दाखवायचा असेल, तर तो नेमका दाखवा. कंपनीच्या ईआरपीला (हिशेब-व्यवहारांच्या संगणक प्रणालीला) बँकेची यंत्रणा थेट जोडलेली आहे का? प्रत्येक वितरकाला वेगळा व्हर्च्युअल खाते क्रमांक दिला आहे का, म्हणजे बँक बदलली तर सहाशे वितरकांना नवे क्रमांक कळवावे लागतील का? एनबीएफसीच्या कर्जदारांची हप्त्यांची मँडेट्स आपल्यामार्फत नोंदलेली आहेत का? असे मुद्दे भक्कम असतात. ‘ग्राहकाला त्रास होईल’ हा मुद्दा नाही.

एक बारकावा मात्र सुटता कामा नये. तीस दिवसांची पूर्वसूचना कराराला असते, शिलकीला नसते. करार जागेवर ठेवूनही ग्राहक उद्या सकाळी वरकड, म्हणजे कामाला न लागणारी, रक्कम काढून नेऊ शकतो. म्हणून ही पायरी ओलांडली म्हणजे खातं तपासाला पात्र ठरलं एवढंच. रक्कम अजून ठरायची आहे.

पायरी ४: ग्राहक खरोखर अवलंबून आहे का?

पुढच्या तीस दिवसांचं नेहमीचं कामकाज चालवायला ग्राहकाला आपल्याच बँकेची गरज आहे का, हा प्रश्न. ग्राहकाकडे पुरेशी पर्यायी व्यवस्था आहे हे बँकेला माहीत असेल, तर ही अट तुटते. पगार आपल्याकडून आणि वसुली दुसऱ्या बँकेकडून असं असेल, तर चिंता नाही. दोन्ही कामं स्वतंत्र आहेत. पण तीच वसुली, तेच वितरक, दोन बँकांत समांतर चालू असतील, तर एक बँक रात्रीतून बंद करता येते.

आपल्याकडच्या एका घटनेने या पायरीचं महत्त्व दाखवून दिलं. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले आणि तिच्यामार्फत यूपीआय चालवणारं फोनपे त्याच रात्री बंद पडलं. अवलंबन किती खरं होतं हे त्या रात्री लाखो लोकांनी अनुभवलं. पण सुमारे एका दिवसातच फोनपेने आयसीआयसीआय बँकेशी जोडणी करून सेवा पुन्हा सुरू केली. गरज पडली की महिन्यांचं वाटणारं काम तासांत होऊ शकतं. आज बहुतेक मोठे ग्राहक एपीआयवर (संगणक प्रणालींच्या थेट जोडणीवर) आहेत आणि एका बँकेची जोडणी काढून दुसरीची लावणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. पाच वर्षांपूर्वी लिहिलेली ‘बदलाचा खर्च भरीव’ ही टिप्पणी दरवर्षी जशीच्या तशी पुढे ओढू नका. ग्राहकाच्या तांत्रिक विभागाशी बोला, नाहीतर आपल्याच सीएमएस चमूला विचारा की गेल्या वर्षी असा ग्राहक दुसऱ्या बँकेतून आपल्याकडे आणायला किती दिवस लागले. त्यांच्याकडे हे उत्तर असतं. येताना जेवढे दिवस लागले, जातानाही साधारण तेवढेच.

पायरी ५: पैसे ठेवण्यासाठी आमिष आहे का?

कामकाजी ठेव हे सेवेचं उप-उत्पादन असावं लागतं. ती खास नेमून दिलेल्या खात्यात हवी आणि त्या खात्याचा दर असा नसावा की ग्राहकाला जास्तीची रक्कम तिथे ठेवावीशी वाटेल. भारतात चालू खात्यावर व्याज देता येत नाही, त्यामुळे ही अट आपोआप पूर्ण होते असं अनेकांना वाटतं. तसं नाही. सीएमएसचं शुल्क शिलकीच्या बदल्यात माफ होत असेल आणि शिल्लक वाढेल तशी माफी वाढत जात असेल, तर ते आमिषच. शुल्काची भरपाई होईल इतकी शिल्लक समजण्यासारखी आहे. त्यापुढची शिल्लक सवलतींच्या मोबदल्यात थांबलेली आहे. कर्ज मंजूर करताना ‘खात्यात इतका फ्लोट (पडून राहणारी शिल्लक) ठेवा’ असं सांगितलेलं असेल, तर ती शिल्लक कर्जाच्या संबंधातून आली आहे, सेवेतून नाही. मंजुरीपत्रं वाचल्याशिवाय हे कळत नाही आणि ती बहुधा दुसऱ्या विभागाकडे असतात. तिथवर जाच.

पायरी ६: वरकड शिल्लक वेगळी करा

खरं काम इथे आहे. नियम सरळ आहे: जी रक्कम काढून घेतली तरी उरलेल्या पैशांत क्लिअरिंग, कस्टडी किंवा कॅश मॅनेजमेंटचं काम भागेल, ती वरकड. तिला २५ टक्के नाही. ग्राहकाच्या प्रकारानुसार ४० किंवा १०० टक्के. आणि वरकड किती हे बँकेला ठरवता येत नसेल, तर संपूर्ण शिल्लक वरकड धरायची. म्हणजे पद्धत नसेल तर सवलतही नाही.

माहिती कोणती घ्यायची ते आधी. निदान बारा महिन्यांच्या रोजच्या अखेरच्या शिलका आणि सगळ्या नावे-जमा नोंदी. त्यातून ग्राहकाने स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात नेलेले पैसे, एफडी उघडलेली रक्कम, कर्जफेड या नोंदी काढून टाका. त्या कामकाजाच्या देण्या नाहीत आणि त्या ठेवल्या तर गरज फुगलेली दिसते. या सफाईलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि लागू द्यावा.

आता एक कल्पित दूध कंपनी घेऊ. वितरकांचे पैसे रोज जमा होतात, दूध उत्पादकांना दर दहा दिवसांनी पैसे जातात. वर्षात असे ३६ फेरे. पैसे वाटायच्या आदल्या दिवशी शिल्लक साधारण २० कोटींवर असते. वाटपानंतर ती खाली येते, पण वर्षभरात ७ कोटींच्या खाली कधी गेलीच नाही. प्रत्येक फेऱ्यात शिल्लक शिखरावरून तळापर्यंत किती उतरली हे ३६ वेळा मोजलं, तर मधली संख्या (मीडियन) १२ कोटी येते. दिवाळीच्या फेऱ्यात मात्र बोनस आणि वाढीव देण्यांमुळे १९ कोटी.

गरज किती धरायची? रिस्क विभागातल्या माणसाचा हात इथे सवयीने ९५ किंवा ९९ टक्क्यांच्या पातळीकडे जातो, कारण इतर सगळीकडे ‘वाईटात वाईट’ घेणं म्हणजे सावधपणा असतो. इथे ते नेमकं उलटं आहे. गरज जितकी मोठी धराल तितका कामकाजी भाग मोठा होतो आणि बाहेर जाणारी रक्कम लहान दिसते. १९ कोटी धरणं म्हणजे वर्षातल्या एका फेऱ्याच्या जोरावर उरलेल्या ३५ फेऱ्यांत सवलत उकळणं. मधली संख्या, म्हणजे १२ कोटी घ्या आणि तीच का घेतली हे लिहून ठेवा.

शिल्लक २० कोटी असलेल्या दिवशी १२ कोटी कामकाजी, ८ कोटी वरकड. १२ कोटींचे २५ टक्के ३ कोटी, ८ कोटींचे ४० टक्के ३.२० कोटी, एकूण ६.२० कोटी. सगळी शिल्लक कामकाजी धरली असती तर ५ कोटी, काहीच धरली नसती तर ८ कोटी.

वाटपाच्या दुसऱ्या दिवशी शिल्लक ९ कोटी. गरज १२ कोटींची, शिल्लक त्याहून कमी, म्हणजे सगळी कामकाजी, असं म्हणायचं का? अनेक बँकांच्या पद्धतीत ‘शिल्लक किंवा गरज, यांत जे कमी ते’ असंच सूत्र दिसतं. मला ते पटत नाही. तळाचे ७ कोटी वर्षभर हललेलेच नाहीत. ते कंपनीने आज काढले तरी पुढचा फेरा रोजच्या वसुलीतून तसाच चालेल. मग ते कामकाजी कसे? म्हणून आधी तळ वजा करा आणि मग उरलेली शिल्लक किंवा गरज यांतली कमी रक्कम घ्या. या दिवशी कामकाजी भाग २ कोटींचाच आणि बाहेर जाणारी रक्कम ३.३० कोटी; सैल सूत्राने ती २.२५ कोटी दिसली असती. शिखराच्या दिवशी दोन्ही सूत्रं सारखंच उत्तर देतात, त्यामुळे फक्त तिमाहीअखेरच्या आकड्यावर पद्धत तपासली तर हा फरक दिसतच नाही.

तळ वजा करण्याला एक अपवाद आहे आणि तो क्लिअरिंगमध्ये येतो. उपसदस्य सहकारी बँकेच्या करारात ‘सेटलमेंट खात्यात किमान ४ कोटी असलेच पाहिजेत, नाहीतर सेवा थांबेल’ असं लिहिलं असेल, तर तो तळ हलत नाही कारण हलवता येत नाही. तो कामकाजीच. समजा त्या बँकेची सरासरी शिल्लक ३० कोटी आहे आणि किमान रकमेच्या वर, दुसरीकडून भर घालेपर्यंत साचणारी निव्वळ देणी ८ कोटींची. कामकाजी १२, वरकड १८. ग्राहक बँक आहे, म्हणून वरकडीला १०० टक्के: ३ अधिक १८, एकूण २१ कोटी. सगळं कामकाजी धरलं असतं तर आकडा ७.५० कोटी आला असता. एका खात्यात साडेतेरा कोटींचा फरक!

‘सुट्ट्यांसाठी जादा शिल्लक लागते’ हा उपसदस्य खात्यांबद्दलचा नेहमीचा युक्तिवाद आता तपासून घ्यायला हवा. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सातही दिवस चालतं. देणी रविवारी जातात हे खरं, पण भरही रविवारी घालता येते. चेक क्लिअरिंगही ४ ऑक्टोबर २०२५ पासून ठरावीक गठ्ठ्यांऐवजी दिवसभर सलग चालू झालं. जुन्या वेळापत्रकावर बेतलेली गरज नव्या वेळापत्रकावर पुन्हा मोजा.

कस्टडीसाठी फेरे मोजून भागत नाही. तिथे गुणोत्तर उपयोगी पडतं. खात्यातली शिल्लक भागिले रोजच्या सेटलमेंटची सरासरी रक्कम, म्हणजे किती दिवसांची देणी पडून आहेत. आपल्या शेअर बाजारात २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअर्सची पूर्तता व्यवहाराच्या दुसऱ्याच दिवशी होते. अशा बाजारात एखाद्या फंडाच्या खात्यात नऊ दिवसांच्या सौद्यांइतकी शिल्लक सातत्याने दिसली, तर ती सौद्यांसाठी नाही. परदेशी गुंतवणूकदाराच्या खात्यात विक्रीचे पैसे करआकारणीची कागदपत्रं होईपर्यंत काही दिवस थांबतात, ते समजू शकतं. पण पुढची खरेदी कधी करायची याची वाट पाहत पडलेली रक्कम ही गुंतवणूकदाराची मर्जी आहे, आणि मर्जीचे पैसे ताणाच्या दिवशी सर्वांत आधी निघतात.

वरकड भागाला कोणता दर लागतो हेही एकदा पाहून घ्या. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ ला जाहीर केलेल्या सुधारणांनुसार शैक्षणिक, धर्मादाय आणि धार्मिक न्यास, भागीदारी संस्था, एलएलपी अशा बिगर-वित्तीय संस्थांच्या ठेवींचा दर १ एप्रिल २०२६ पासून १०० वरून ४० टक्क्यांवर येतो. एखाद्या शिक्षण संस्थेचे पगार आपल्याकडून जात असतील, तर तिच्या वरकडीचा हिशेब या तारखेनंतर बराच सौम्य होतो. अशा खात्यांचे कोड वेळेत बदला.

पायरी ७: थोड्याच ग्राहकांवर सगळा भार नाही ना?

कामकाजी ठेवींचा मोठा भाग मूठभर ग्राहकांकडून येत असेल, तर ही सवलत न देण्याचा अधिकार पर्यवेक्षकाला आहे, आणि मुळात ती वापरायलाच त्याची मान्यता लागते असं बासेलचा मजकूर सांगतो. पहिल्या दहा ग्राहकांचा वाटा दर महिन्याला काढा. एकाच उद्योगसमूहाच्या पाच कंपन्या म्हणजे पाच ग्राहक नव्हेत.

एकवटलेपणाचं भय किती खरं असतं ते अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत दिसलं. ९ मार्च २०२३ या एका दिवसात तिथून ४२ अब्ज डॉलर निघाले आणि दुसऱ्या दिवशी आणखी १०० अब्ज निघण्याच्या रांगेत होते. तिचे ठेवीदार मुख्यतः एकाच वर्तुळातले नवउद्योग होते. पगाराचे पैसे आणि गुंतवणूकदारांकडून आलेला वर्षा-दोन वर्षांचा निधी एकाच बँकेत, बहुधा एकाच खात्यात. त्या बँकेला तेव्हा एलसीआर लागू नव्हता. पण वर्गवारी करणाऱ्याने हे प्रकरण लक्षात ठेवावं, कारण तिथे पगाराचे पैसेही गेले. पुढचा पगार दुसऱ्या खात्यातून करता येईल इतकी सवड ग्राहकाला मिळाली की कामकाजी पैशांची चिकटी संपते. म्हणून पगाराच्या खात्यांत महिन्याचा पगार होऊन गेल्यानंतरच्या दिवसांकडे मी अधिक कडक नजरेने पाहतो.

पायरी ८: खूण, उलटतपासणी, अहवाल

पात्र ठरलेल्या खात्यांना सीबीएसमध्ये स्वतंत्र खूण द्या आणि ती खूण लावण्याचा अधिकार व्यवसाय विभागाकडे ठेवू नका. करार संपला की खूण आपोआप उतरली पाहिजे. एकदा चढलेली खूण वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि तपासणीत सगळ्यात आधी हेच सापडतं.

दर तिमाहीला उलटतपासणी करा. तीन महिन्यांपूर्वी ज्या रकमेला कामकाजी म्हटलं होतं, त्या खात्यांची शिल्लक पुढच्या तीस दिवसांत त्या पातळीखाली किती वेळा गेली? वारंवार गेली असेल, तर ती रक्कम तिथे लागतच नव्हती. विशेषतः बाजारात व्याजदर चढते असतानाचे महिने पाहा. कंपन्यांचे वित्त अधिकारी तेव्हा पडून असलेले पैसे लिक्विड फंडांत हलवतात आणि आपण वरकड म्हणून मोजलेली रक्कम तेवढीच होती का, हे आयतं कळतं. उलट, दर दीर्घकाळ उतरलेले असताना खात्यांत वरकड साचते. तेव्हा कामकाजी भागाची जुनी टक्केवारी लावत राहिलात, तर कामकाजी भाग नकळत फुगतो.

प्रकटीकरणाच्या तक्त्यात असुरक्षित (विनातारण) घाऊक निधीखाली कामकाजी ठेवींची ओळ स्वतंत्र आहे. भारित (दर लावल्यानंतरचा) आणि अभारित (दर लावण्याआधीचा), दोन्ही आकडे द्यावे लागतात. भारित आकड्याला अभारिताने भागून पाहा. उत्तर २५ टक्के किंवा त्याच्या किंचित खाली यायला हवं. वर गेलं तर वरकड रक्कम चुकून याच ओळीत राहिली आहे, आणि बरंच खाली गेलं तर कुणीतरी विम्याचा दर न लागणाऱ्या ठेवींना लावला आहे.

हीच वर्गवारी एनएसएफआरमध्येही (नेट स्टेबल फंडिंग रेशो, म्हणजे टिकाऊ निधीचं प्रमाण) वापरली जाते. भारतात १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या त्या प्रमाणात कामकाजी ठेवींचा निम्मा भाग स्थिर निधी म्हणून मोजता येतो. दोन्ही अहवालांतला कामकाजी ठेवींचा आकडा एकाच दिवसासाठी एकच असला पाहिजे. आणि आपली बँक स्वतः दुसऱ्या बँकेत क्लिअरिंग किंवा कस्टडीसाठी पैसे ठेवत असेल, तर त्या रकमेची आवक शून्य धरा. समोरच्या बँकेने ज्या कारणासाठी ती कामकाजी मानली, त्याच कारणासाठी ती आपल्याला ताणात परत मागता येणार नाही.

प्रत्येक खात्यामागे नोंदवहीत एक पान असावं: सेवा कोणती, करारातलं कलम आणि दिवस, पर्यायी व्यवस्थेबद्दल कोणाशी कधी बोललात, शुल्कमाफी आहे का, गरज आणि तळ कोणत्या बारा महिन्यांवरून काढले, आणि शेवटची उलटतपासणी कोणत्या तारखेची. यातली एकही जागा कोरी असेल, तर ती भरेपर्यंत त्या खात्याची सगळी शिल्लक ४० किंवा १०० टक्क्यांच्या ओळीत ठेवा.